ठेका शरीराचा, सूर आठवणीचा

बियॉन्सेचे २०२२मधले ‘ब्रेक माय सोल’ हे गाणे ऐकून अनेकांना १९९०च्या दशकातले नृत्यक्लब आठवले, ते कॉर्ग एम-१ या १९८८च्या सिंथेसायझरची आठवण करून देणाऱ्या आखूड, टणक ऑर्गनमुळे. अशा नव्या हाऊस संगीताच्या, म्हणजे क्लबमधल्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या, यशाला स्मरणरंजन म्हणून बाजूला सारले जाते. हे निदान अपुरे आहे. आज या सुरांवर नाचणाऱ्या अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्यांना हलवतो तो आधी ठेका. हाऊसचे ठोके मिनिटाला साधारण १२० ते १३०, म्हणजे सेकंदाला दोन किंवा किंचित जास्त पडतात. आपली सहज चालही याच वेगाच्या आसपास असते. मंद्र ध्वनीचाही वाटा मोठा आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मैफलीत, कानाला जाणवणार नाहीत असे अतिमंद्र ध्वनी सोडणारे स्पीकर आलटून पालटून चालू-बंद केले. ते चालू असताना श्रोत्यांची हालचाल सरासरी ११.८ टक्क्यांनी वाढली. हे निष्कर्ष २०२२मध्ये प्रसिद्ध झाले.

ठेकाच सारे करत असेल, तर सूर जुनेच का हवेत, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर असे की सुराचा अर्थ आपण शिकतो. संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये मुंबईत रोलँडच्या टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या यंत्रांवर यमन, तोडी, भैरवीसह दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. तेव्हा ती तबकडी फारशी चालली नाही. १९८७च्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या तबकडीने टीबी-३०३चा आवाज शिकागोतून जगभर पोहोचवला आणि २०१०मध्ये सिंग यांची तबकडी परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा तिच्यात लोकांना अ‍ॅसिड हाऊस, म्हणजे टीबी-३०३च्या आवाजाचे हाऊस, ऐकू आले. ध्वनी तोच होता, कान बदलले होते. ही शिकवण घरातूनही मिळते. कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांच्या २०१३च्या अभ्यासात, विशीतल्या तरुणांचे आईवडिलांच्या तारुण्यातल्या गाण्यांशीही घट्ट नाते आढळले. म्हणजे स्मरणरंजन आहे, पण ते वारशाने आलेले आहे.

मग जुने सूर पुन्हा वापरणे ही नुसती नक्कल ठरत नाही का? शिकागोत ‘वेअरहाऊस’ क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्स जुन्या डिस्को तबकड्यांची नव्याने जुळणी करत, त्यातूनच हाऊस घडले. जुने घेणे हा या संगीताचा मूळ स्वभाव आहे. म्हणून नव्या गाण्याला विचारायचा प्रश्न त्याने सूर कुठून घेतला हा नाही. त्या सुराला त्याने कोणता नवा अर्थ दिला, हा आहे.