सहा आकड्यांची ओळख

गणपतीला गावी निघायच्या आदल्या रात्री धाकट्या भावाने मला खाली पार्किंगमध्ये बोलावून घेतले. महिनाभरापूर्वी त्याने वापरलेली गाडी विकत घेतली होती. गाडी छान चालत होती, पण तिच्या म्युझिक सिस्टीमला त्याचा फोन काही केल्या जोडला जात नव्हता. ‘‘दादा, गाण्यांचं राहू दे,’’ तो म्हणाला, ‘‘पण वाटेत आईचे चार फोन येणार. ते उचलायचे कसे?’’

मी गाडीच्या पडद्यावर जोडलेल्या फोनांची यादी उघडली. तिच्यात पाच नावे होती आणि त्यातला एकही फोन आमच्या घरातला नव्हता. एकाचे नाव तर ‘पप्पांचा फोन’ असे होते. या गाडीला पाचच फोन लक्षात ठेवता येत होते, सहाव्याला जागाच उरली नव्हती. आम्ही ती पाचही नावे पुसली आणि फोनवरून पुन्हा शोध घेतला. काही सेकंदांत गाडीच्या पडद्यावर सहा आकडी संख्या उमटली आणि फोनवरही तीच. भावाने दोन्ही संख्या ताडून पाहिल्या, दोन्हीकडे होकार दिला आणि फोन जोडला गेला.

एवढ्यात चार वेगवेगळी कामे पार पडली होती: एकमेकांना शोधणे, एका ठेक्यावर येणे, आपसात एक गुपित ठरवणे आणि ते जपून ठेवणे. ‘ब्लूटूथ लागत नाही’ ही तक्रार यांपैकी कोणत्या पायरीवर अडली आहे हे ओळखता आले, तर बहुतेक वेळा ती जागेवरच सुटते.

आधी शोध

ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. हा पट्टा भारतासह जगभर परवान्याशिवाय वापरता येतो. त्यामुळे घरचे वायफायही तिथेच आणि मायक्रोवेव्ह ओव्हनच्या लहरीही तिथेच. या गर्दीत गाडीने वापरलेल्या प्रकारच्या ब्लूटूथसाठी ७९ वाहिन्या आखलेल्या आहेत. नवा सोबती शोधताना त्यांतल्या ३२ वाहिन्यांवर ‘कोणी आहे का?’ अशी हाक दिली जाते. ऐकणारे उपकरण मात्र सतत कान लावून बसत नाही, कारण त्यात वीज खर्च होते. नेहमीच्या मांडणीत ते दर २.५६ सेकंदांनी सुमारे ११ मिलिसेकंद ऐकते आणि पुन्हा गप्प होते. हाक देणारा एका वाहिनीवर आणि ऐकणारा दुसऱ्याच वाहिनीवर, असेही होत राहते. दोघांची गाठ पडायला म्हणूनच दहा सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. तीन सेकंदांत नाव दिसले नाही म्हणून ब्लूटूथ बंद-चालू करत राहिलो, तर दर वेळी शोध पहिल्यापासून सुरू होतो.

दुसरी गोष्ट, हाकेला ओ द्यायची तयारी असावी लागते. आजचे फोन ब्लूटूथच्या सेटिंगचे पान उघडे असेपर्यंतच अनोळखी उपकरणांना दिसतात. अनेक गाड्याही नवा फोन जोडायचा पर्याय निवडल्यावर थोडा वेळच दिसतात. फोनवर ते पान आणि गाडीत तो पर्याय, दोन्ही एकाच वेळी उघडे ठेवले की अर्धे काम होते.

मग ठेका

भेट झाल्यावर दोघे एका वाहिनीवर ठाण मांडून बसत नाहीत. ते सेकंदाला १६०० वेळांपर्यंत वाहिनी बदलतात, म्हणजे एका वाहिनीवरचा मुक्काम फक्त ६२५ मायक्रोसेकंदांचा. लेझीम खेळताना सगळे हलगीच्या ठेक्यावर एकदम वळतात. पुढचे पाऊल कुठे पडणार हे प्रत्येकाला ठाऊक असते. इथेही एक उपकरण ठेका धरते. त्याचा ४८ बिटांचा पत्ता आणि त्याचे अंतर्गत घड्याळ यांवरून उड्यांचा क्रम ठरतो आणि दुसरे उपकरण आपले घड्याळ त्याच्याशी जुळवून घेते. एखाद्या वाहिनीवर गोंगाट असला तर एक उडी वाया जाते, संभाषण तुटत नाही. २००३ सालच्या १.२ आवृत्तीपासून तर वायफायने व्यापलेल्या वाहिन्या ओळखून त्या टाळण्याची सोयही आली. भर वाहतुकीत शेजारच्या दहा गाड्यांत दहा फोन जोडलेले असले, तरी आपल्या गाडीत आपलेच गाणे वाजते ते यामुळे.

वाहिन्या बदलत राहण्याचा विचार ब्लूटूथपेक्षा पुष्कळ जुना आहे. हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये अमेरिकेत अशाच एका कल्पनेचे पेटंट मिळाले होते. पाणतीराला रेडिओने दिशा देताना शत्रूने तो संदेश बुजवू नये, यासाठी त्यांनी स्वयंचलित पियानोतल्या छिद्रांच्या कागदी गुंडाळीप्रमाणे ८८ कंप्रतांवर उड्या मारण्याची युक्ती मांडली होती.

ब्लूटूथचा जन्म मात्र स्वीडनमधल्या लुंड शहरातला. १९९४ मध्ये एरिक्सन कंपनीत याप हार्ट्सन आणि स्वेन मॅटिसन हे अभियंते थोड्या अंतरावरची उपकरणे तारेविना जोडण्याच्या कामाला लागले. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन सर्वांसाठी एकच मानक ठरवण्याचा गट स्थापन केला. दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हाराल्ड राजाचे टोपणनाव ‘निळा दात’ होते. विखुरलेले प्रदेश एकत्र आणणारा राजा म्हणून इंटेलच्या जिम कार्डाक यांनी हे नाव सुचवले. फोनवर दिसणारी ती खूणही या राजाच्या नावाची आद्याक्षरे प्राचीन रून लिपीत एकमेकांवर ठेवून बनवलेली आहे.

उघड्यावर ठरलेले गुपित

आता त्या सहा आकड्यांकडे येऊ. फोन आणि गाडी यांचे बोलणे हवेतून चालते, आसपासच्या कुणालाही ते ऐकता येते. पूर्वी त्यावर उपाय म्हणून चार आकडी पिन टाकावा लागे आणि बहुतेक उपकरणांत तो ०००० किंवा १२३४ असे. चार आकड्यांच्या जुळण्या होतात अवघ्या दहा हजार. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की जोडणी होताना कुणी ती चोरून ऐकली, तर साध्या संगणकावर असा पिन एका सेकंदाच्या आत काढता येतो.

२००७ मध्ये आलेल्या २.१ आवृत्तीने ही पद्धत बदलली. दोघांनी सर्वांदेखत बोलायचे आणि तरीही गुपित फक्त दोघांनाच कळायचे, हे जमते कसे? स्वयंपाकघरातला दाखला घेऊ. दोन सुगरणींकडे एकाच खोबऱ्याचे सारखे वाटण आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येकीने त्यात आपला गुप्त मसाला मिसळला आणि तो वाडगा दुसरीकडे पाठवला. आलेल्या वाडग्यात प्रत्येकीने पुन्हा आपला मसाला घातला. आता दोघींच्या वाडग्यांत तेच खोबरे आणि तेच दोन्ही मसाले आहेत, म्हणून चवही तीच. वाटेत वाडगे पाहणाऱ्याला मात्र वाटलेल्या गोळ्यातून मसाला पुन्हा वेगळा काढता येत नाही. फोन आणि गाडी मसाल्याऐवजी प्रचंड मोठ्या संख्या वापरतात. पुढे जायला सोपे आणि मागे फिरायला जवळपास अशक्य, असे ते गणित आहे. त्यातून तयार होते १२८ बिटांची किल्ली.

तरीही एक धोका उरतो. मध्येच कुणी तिसऱ्याने उभे राहून फोनला ‘मी गाडी’ आणि गाडीला ‘मी फोन’ असे सांगितले तर? अशा वेळी दोन वेगळ्या किल्ल्या तयार होतात आणि पडद्यावरच्या दोन संख्या जुळत नाहीत. त्या योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक. मध्ये कुणी बसले आहे का, हे त्या क्षणी यंत्रांना कळत नाही, ते आपल्या डोळ्यांना कळते. म्हणून न वाचता ‘ओके’ दाबू नका. सहाही आकडे ताडून पाहा.

लक्षात ठेवणे आणि विसरणे

ही किल्ली फोन आणि गाडी दोघेही जपून ठेवतात. उद्या सकाळी गाडी सुरू केली, की आकडे न विचारता फोन आपोआप जोडला जातो तो या किल्लीमुळे. सर्वांत जास्त तक्रारीही इथेच उगम पावतात. फोन रीसेट केला किंवा गाडीच्या सिस्टीमची स्मृती पुसली गेली, तर किल्ली एकाच बाजूला उरते. दरवाजाचे कुलूप बदलले आणि घरचा माणूस जुनीच किल्ली फिरवत बसला, तसा हा प्रकार होतो. नाव यादीत दिसते, जोडणी मात्र होत नाही. उपाय एकच: दोन्ही बाजूंनी पुसा. फोनमधून गाडीचे नाव काढा, गाडीतून फोनचे नाव काढा आणि नव्याने ओळख करून द्या. नुसते एकीकडून पुसून भागत नाही.

कधी फोनवर बोलता येते, पण गाणी वाजत नाहीत. यात गाडी बिघडलेली नसते. एकाच जोडणीवर वेगवेगळ्या सेवा चालतात: बोलण्याची एक, गाण्यांची दुसरी, संपर्कयादीची तिसरी. फोनमध्ये गाडीच्या नावासमोरचे चिन्ह दाबले, की या सेवांची बटणे दिसतात आणि बंद असलेली सेवा तिथे चालू करता येते. फोनचा नकाशा तारेविना गाडीच्या पडद्यावर घ्यायचा असेल, तर ओळख ब्लूटूथवर होते आणि चित्र वायफायवरून जाते. म्हणून त्या वेळी फोनचे वायफाय चालू हवे.

संपर्कयादीच्या सेवेबद्दल थोडे गांभीर्याने बोलायला हवे. परवानगी दिली, की आपली संपर्कयादी आणि आलेल्या-गेलेल्या कॉलची नोंद गाडीकडे जाते, आणि अनेक गाड्या ती साठवून ठेवतात. भावाच्या गाडीतला ‘पप्पांचा फोन’ अशाच कुणाच्या तरी घरातला होता. गाडी विकताना आपण डिकी रिकामी करतो, काचेपुढची गणपतीची मूर्ती काढून घेतो, पण ही यादी तशीच मागे राहते. गाडी विकताना किंवा भाड्याची गाडी परत देताना सिस्टीम फॅक्टरी रीसेट करा. भाड्याच्या गाडीत संपर्कयादी वाचायची परवानगी मुळातच देऊ नका.

आणि शेवटी आईचे ते चार फोन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात, गाडी चालवताना हातात धरून संपर्काचे उपकरण वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ब्लूटूथमुळे हात मोकळे होतात, हे खरे. पण अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये प्रयोग केला. गाडी चालवण्यासारखे काम करताना फोनवर बोलणाऱ्यांकडून सिग्नल चुकण्याचे प्रमाण दुपटीने वाढले. फोन हातात असो वा हात मोकळे असोत, त्यात फरक आढळला नाही. मन बोलण्यात गुंतले, की डोळ्यांसमोरचा लाल दिवाही निसटतो.

म्हणून जोडणी गाडी उभी असतानाच करा, चालत्या गाडीत सेटिंग उघडू नका. वाटेत फोन आलाच, तर ‘पोचल्यावर बोलतो’ एवढे सांगून ठेवा. जास्त बोलायचे असेल, तर रस्त्याच्या बाहेर सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवा. घरचे लोक आपल्या आवाजाची वाट पाहत असतात, पण त्याहून जास्त वाट पाहतात ते आपल्या पोचण्याची.