कोलारच्या टेकड्या आणि सोन्याचं निक्षालन

मागच्या वेळी आपण भट्टीत धातू कसा वितळवतात ते पाहिलं. आज भट्टीशिवाय. चहाचा अर्क कपात उतरतो, चोथा गाळणीत राहतो, बरोबर? निक्षालन म्हणजे तेच. १८८७ साली ग्लासगोत शोधलेल्या पद्धतीत दळलेल्या खडकावर सायनाइडचं पातळ द्रावण सोडतात. हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं सोनं विरघळतं. जस्ताची भुकटी टाकली की ते पुन्हा खाली बसतं. द्रावणात चुना ठेवावाच लागतो, नाहीतर विषारी वायू सुटतो. कर्नाटकातल्या कोलारला हेच चाले. तिथल्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या, पण चोथ्याच्या टेकड्या वस्तीशेजारी उभ्याच आहेत. त्यांत थोडं सोनं शिल्लक आहे, आणि वाऱ्यावर उडणारी धूळही. म्हणून सोन्याचा हिशेब मांडताना आपण हेही विचारायला हवं: चोथा कोण सांभाळणार?