अर्धं घासलेलं पिल्लू

कोपनहेगनला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. उन्हाळा लागला की रविवारी सकाळी माझे पाय आपोआप 'लोपेमार्केड'कडे, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजाराकडे वळतात. बायको विचारते, "पुन्हा पक्षी?" हो, पुन्हा पक्षी. लाकडाचे!

१९५०च्या दशकात डेन्मार्कच्या खुर्च्या-टेबलांचं जगभर नाव झालं. त्याच काळात इथे लाकडाचे प्राणी-पक्षीही फार देखणे घडले. के बोयेसन यांचं १९५१चं माकड त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. मला मात्र लळा लागला तो पक्ष्यांचा. क्रिस्टियन वेडेल यांचे १९५९चे पक्षी ओक लाकडाचे. गुबगुबीत धडावर गोल डोकं. ते जरा खाली कललं की पक्षी रुसलेला, वर केलं की ऐटीत. त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये एका पोलिसाने रहदारी थांबवून बदकांच्या कुटुंबाला रस्ता ओलांडू दिला. ती बातमी गाजली आणि त्यावरून हान्स बोलिंग यांनी बदक आणि पिल्लू घडवलं. तेही सागवानात!

साग काही डेन्मार्कमध्ये उगवत नाही. तो आग्नेय आशियातून जहाजाने यायचा. माझं बालपण मात्र चंद्रपूरला सागाच्या भुशातच गेलं. बाबा सुतार.

चार वर्षांपूर्वी बाबा इथे आले. फळीवरचं पिल्लू उचलून त्यांनी नाकाजवळ नेलं. "सागच आहे," म्हणाले. किंमत सांगितली तेव्हा नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो, तर बाबा खिडकीशी बसून पिल्लाला पॉलिश पेपर मारत होते. "मळलं होतं ना बाबू, म्हटलं साफ करून देतो."

मी ओरडलोच. "बाबा, हात नका लावू! त्या जुन्या रंगालाच तर किंमत असते!"

संग्राहकाच्या हिशेबाने माझं बरोबर होतं. वर्षानुवर्षं हाताळून लाकडाला चढलेला रंग एकदा घासला की गेला. पण पन्नास वर्षं रंधा धरलेल्या माणसाला मी लाकडाला हात लावू नका म्हटलं होतं. बाबा काही बोलले नाहीत. पेपरची घडी करून खिशात ठेवली. परत जाईपर्यंत त्या फळीकडे फिरकले नाहीत.

आता डॉक्टर त्यांना एवढा प्रवास करू देत नाहीत. पिल्लू अजून तसंच आहे. एक बाजू काळपट, दुसरी ताज्या सागासारखी सोनेरी. बाजारातला एक ओळखीचा विक्रेता म्हणाला, "याचे आता निम्मेच येतील." म्हटलं, विकायचं नाहीच.

या दिवाळीला चंद्रपूरला जातोय. पिल्लू स्वेटरमध्ये गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवलंय, सोबत पॉलिश पेपरही. उरलेली बाजू बाबांनी करून द्यावी, एवढंच मागणं आहे. आधी माफी मागेन.