मुसंदम : डोंगर थेट समुद्रात उतरतो तिथे

होर्मुझच्या सामुद्रधुनीचं नाव आपण ऐकतो ते तेलाच्या टँकरांमुळे. तिच्या दक्षिण काठावर माणसं राहतात, शेळ्या पाळतात, खजूर पिकवतात, हे मात्र बातम्यांत कधी येत नाही. अरबी द्वीपकल्पाचं जे टोक इराणच्या दिशेने घुसलेलं दिसतं, ते मुसंदम. आहे ओमानचं, पण ओमानपासून तुटलेलं. मधे संयुक्त अरब अमिरातीचा प्रदेश. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद आहे तिथे दोन्ही किनाऱ्यांत जेमतेम चाळीसेक किलोमीटरचं अंतर आहे.

दुबई-शारजातली मराठी कुटुंबं सुट्टीच्या दिवशी इथे येतात, लाकडी धाऊतून फिरतात, डॉल्फिन पाहतात आणि संध्याकाळी परततात. सहल छानच होते. पण तेवढ्यावर मुसंदम पाहिलं असं म्हणणं या भूमीवर अन्याय करणारं आहे.

रास अल खैमाकडून सीमा ओलांडली की डावीकडे समुद्र आणि उजवीकडे कडा, मधे रस्त्यापुरती जागा. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये निदान कोकणपट्टी आहे. इथे तीही नाही. चुनखडीचा उघडाबोडका डोंगर सरळ पाण्यात उतरतो. बुखाचा किल्ला मागे टाकून पुढे गेलं की खसब येतं. मुसंदमचं हे मुख्य गाव. बंदर, बाजार, खजुराच्या बागा, आणि पोर्तुगीजांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला किल्ला.

या किल्ल्यात घाई करू नये. अंगणात स्थानिक बनावटीच्या जुन्या होड्या ठेवल्या आहेत, आणि शेजारी डोंगरातल्या एका घराची प्रतिकृती आहे. त्याला म्हणतात ‘बैत अल कुफ्ल’, म्हणजे कुलुपाचं घर. जाडजूड दगडी भिंती, जमीन बाहेरच्या पातळीपेक्षा खोल, आणि दार इतकं बुटकं की वाकूनच आत शिरावं लागतं. आत मातीचे मोठमोठे रांजण. रांजण दारापेक्षा मोठे, कारण आधी रांजण ठेवायचे आणि मग त्यांच्याभोवती घर पुरं करायचं, अशी रीत होती. डोंगरातली शिहू जमातीची माणसं हिवाळ्यात पावसाच्या पाण्यावर गहू-बार्ली पिकवत. उन्हाळ्यात मासेमारीला आणि खजुराच्या तोडणीला किनाऱ्यावर उतरताना धान्य या घरात ठेवून कुलूप लावून जात. रांजण चोरून न्यायचा तर भिंतच फोडावी लागेल. अवघ्या प्रदेशाचं अर्थकारण मला त्या एका खोलीत दिसतं : पाणी कमी, जमीन कमी, म्हणून वर्षाचे दोन भाग आणि दोन ठिकाणचा संसार.

ती घरं जिथे होती तो डोंगर पाहायचा असेल, तर फोर व्हील ड्राइव्हची गाडी करून जबल हरीमच्या रस्त्याला लागावं. हा मुसंदमचा सर्वांत उंच डोंगर, दोन हजार मीटरपेक्षा थोडा अधिक. कच्च्या वळणांच्या चढणीवर मधेच सैहचं पठार लागतं. चहूबाजूंनी राखाडी खडक आणि मधे शेताचे तुकडे. त्याहून वर गेलं की रस्त्याकडेच्या खडकांत समुद्री जीवांचे जीवाश्म दिसतात. कधीकाळी समुद्रतळ असलेला हा दगड इतका वर उचलला गेला आहे.

गंमत अशी की उत्तरेचं टोक आता पुन्हा पाण्यात चाललं आहे. अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली सरकतो आहे, त्यात हे टोक खचतं आहे आणि डोंगरांमधल्या दऱ्यांत समुद्र शिरला आहे. या बुडालेल्या दऱ्या म्हणजेच इथले ‘खोर’. पर्यटन कंपन्या मुसंदमला अरबस्तानचं नॉर्वे म्हणून विकतात, ते मला पटत नाही. नॉर्वेचे फियॉर्ड हिमनद्यांनी कोरले. इथल्या खोरांची घडण निराळी आहे.

खोर शाम हा त्यातला मोठा. त्याच्या काठावरच्या चिमुकल्या वस्त्यांना रस्ता नाही. पिण्याचं पाणीसुद्धा होडीने येतं. याच खोरात एक लहानसं खडकाळ बेट आहे, टेलिग्राफ आयलंड. ब्रिटिशांनी 1864 मध्ये ग्वादरपासून इराकच्या फावपर्यंत समुद्रातून तारेची केबल टाकली, तिचं एक ठाणं इथे होतं. ती केबल वाहून आणणाऱ्या जहाजांत ‘ट्वीड’ नावाचं शिडाचं जहाज होतं. हे जहाज मूळचं मुंबई गोदीत वाडियांच्या हाताखाली बांधलेलं, 1854 मध्ये पाण्यात उतरलेलं ‘पंजाब’. पुढे त्याची वाफेची यंत्रं काढून त्याला ट्वीड केलं. तेव्हा हिंदुस्थान आणि लंडन तारेने जोडले गेले, त्यात मुंबईच्या कारागिरांचाही हात होता. ठाणं मात्र काही वर्षांतच बंद पडलं. भाजून काढणारं ऊन, भोवती उघडे कडे आणि सोबतीला कुणी नाही. तिथे नेमलेल्या माणसांचे दिवस कसे गेले असतील, याचा विचार त्या बेटावर उभं राहून करावाच.

आणखी उत्तरेला, थेट सामुद्रधुनीच्या तोंडाशी, कुमझार आहे. तिथेही रस्ता पोहोचत नाही. खसबहून स्पीडबोट ठरवून, समुद्राचा कल पाहूनच जावं लागतं. डोंगराच्या फटीत दाटीवाटीने वसलेलं हे कोळ्यांचं गाव. अरबी मुलखात असूनही घरात बोलली जाते ती कुमझारी, फारसीच्या कुळातली भाषा. तिला लेखनाची परंपरा नाही, ती तोंडोतोंडीच टिकली. कडक उन्हाळ्यात खजूर पिकला की गावातली बहुतेक कुटुंबं खसबला मुक्कामाला जातात. म्हणजे डोंगरातल्या शिहूंसारखाच यांचाही संसार दोन ठिकाणचा.

जायचं तर नोव्हेंबर ते मार्च या काळात. मस्कतहून खसबला विमान आहे. दुबईकडून गाडीने जाणाऱ्यांनी व्हिसाचे नियम आणि गाडीचा ओमानसाठीचा विमा आधी पाहून घ्यावा, आणि सामुद्रधुनीत ताणतणाव नाही ना याचीही खात्री करावी. कुमझारला पर्यटकांसाठी काही मांडून ठेवलेलं नाही. अंगभर कपडे घालावेत, बायकांचे फोटो काढू नयेत, आणि ओळखीचा स्थानिक नावाडी सोबत असल्याशिवाय गल्ल्यांत शिरू नये. दोन मुक्काम हाताशी असतील तर एक दिवस डोंगराला द्यावा, दुसरा कुमझारला. डॉल्फिन वाटेत भेटण्याची शक्यता आहेच.