युरोपच्या फळबागांचा जमाखर्च

युरोपखंडातील फळफळावळ व भाजीपाला यांच्या अलीकडच्या प्रगतीचा आढावा घेणारे बहुतेक लेखक स्पेनमधील आल्मेरियापासून आरंभ करतात, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण ज्या रखरखीत किनाऱ्यावर 1950 नंतर खत व वाळूचे थर अंथरून, भूगर्भातील पाणी उपसून लागवड सुरू झाली, तेथे आज 30,000 हेक्टरांहून अधिक जमीन प्लास्टिकच्या छपराखाली असून ऐन हिवाळ्यात उत्तरेकडील मंडयांना टोमॅटो, काकडी आणि ढोबळी मिरची तीच पुरविते. हॉलंडच्या काचघरांची हकीकत सर्वश्रुत आहे. पोलंड 2004 मध्ये युरोपीय संघात येऊन सफरचंदात अग्रेसर झाला, आणि 2014 च्या ऑगस्टात रशियाने आपली बाजारपेठ बंद करताच त्याचे धाबे दणाणले, एवढे सांगून पुढे जातो.

माझा जीव गुंतला आहे तो जुन्या सफरचंदांच्या वाणांत. लंडननजीक कोलनब्रुक येथे 1825 च्या सुमारास रिचर्ड कॉक्स या निवृत्त मद्यनिर्मात्याने बी पेरून वाढविलेले 'कॉक्सेस ऑरेंज पिपिन' हे फळ पूर्ण पिकल्यावर कानाशी धरून हलविले, तर आतल्या बिया खुळखुळतात; आंबट, गोड आणि किंचित सुकामेव्यासारखी अशी त्याची संमिश्र चव एकाच घासात क्रमाक्रमाने उलगडते. अशा फळांची उंच, दीर्घायुषी झाडे, ज्यांच्याखाली केंट परगण्यात मेंढ्या चरत, ती ईस्ट मॉलिंगच्या संशोधनकेंद्राने वर्गवारी लावून प्रसृत केलेल्या एम-9 या ठेंगण्या खुंटापुढे हटली. कारण त्यावरील कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळते आणि तोडणीला शिडी लागत नाही. खुंटाशी माझे वैर नाही. माझी तक्रार आहे ती सामायिक बाजारपेठेच्या त्या कारभाऱ्यांविरुद्ध, ज्यांनी 1970 च्या आगेमागे अतिरिक्त उत्पन्नाच्या धास्तीने बागा मुळासकट उपटणाऱ्यांना रोख अनुदाने देण्याची तजवीज केली, आणि ज्यांच्या वारसदारांच्या दफ्तरात 1988 पासून 2009 पर्यंत काकडीच्या बाकाचेही माप लिहिलेले होते.

ग्राहकालाच एकसारखे, चकचकीत फळ हवे असते, असे आमचे काही विद्वान मित्र हिरिरीने प्रतिपादन करतात. ग्राहकापुढे दुसरे फळ ठेवलेच कोणी? शीतगृहात महिनोन्महिने टिकणे, मालमोटारीत न डागळणे आणि ठराविक रंग चढणे या तीन कसोट्या व्यापाऱ्याच्या आहेत, जिभेच्या नव्हेत. त्यांवर उतरलेले अमेरिकेचे 'गोल्डन डिलिशस' युद्धोत्तर फ्रान्सभर पसरले. आज सर्वत्र विकले जाणारे 'गाला' आणि 'एलस्टार' यांची कुळी पाहावी, तर दोघांच्याही एका बाजूस तेच 'गोल्डन डिलिशस' आणि दुसऱ्या बाजूस कॉक्सची संतती निघते. इतक्या सोयरिका एकाच भावकीत जुळल्यावर नव्या रोगाशी झुंजण्याचे बळ कोठून आणावयाचे, याचा जबाब त्या मित्रांनी द्यावा.

ऑक्टोबरात लंडनला जाणाऱ्या वाचकाने एक दिवस राखून फॅव्हरशॅमजवळील ब्रॉगडेलला अवश्य जावे. सफरचंदांचे 2,000 हून अधिक वाण तेथील राष्ट्रीय संग्रहात आजही जोपासले जातात, आणि त्यांतील बहुतेकांचे फळ कोणत्याही दुकानात मिळत नाही.