‘हाय पॉवर’ गोळीचा गैरसमज

अँटिबायोटिक जितकं ‘हाय पॉवर’, तितका आजार लवकर पळतो, ही समजूत मेडिकलच्या काउंटरवर रोज भेटते. पण या औषधांची अशी चढती शिडी नसतेच. लागण शरीरात कुठे झाली आहे आणि कोणत्या जिवाणूची, यावर औषध ठरतं.

लघवीची जळजळ घ्या. नायट्रोफ्युरँटॉइन हे जुनं औषध मूत्रपिंडातून गाळलं जाऊन लघवीत साठतं आणि मूत्राशयातल्या ई. कोलाय जिवाणूंना तिथेच मारतं. रक्तात मात्र त्याचं प्रमाण फारसं चढत नाही. त्यामुळे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचून थंडीताप आणि कुशीत दुखणं सुरू झालं, की तेच औषध तोकडं पडतं. टायफॉइडवर एकेकाळी सिप्रोफ्लॉक्सासिन हमखास लागू पडायचं. आता आपल्याकडचे बहुतेक टायफॉइडचे जिवाणू त्याला दाद देत नाहीत. याउलट, स्ट्रेप्टोकॉकसने घसा धरला असेल, तर अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली सापडलेलं पेनिसिलिन आणि त्याच कुळातलं अमॉक्सिसिलिन आजही पहिली निवड आहे. नवं म्हणजे सरस, हे इथे साफ खोटं ठरतं.

सर्दी आणि फ्लूची गोष्टच वेगळी, कारण ते विषाणूंचे आजार. पेनिसिलिन जिवाणूला त्याची पेशीभित्तिका नीट बांधू देत नाही, म्हणून तो फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भित्तिका नसते, म्हणून त्या वाचतात. विषाणूलाही ती नसते. मग औषधाने मारा करायचा कशावर? कफ हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, हेही खरं नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका विकराचा असतो आणि विषाणूच्या आजारातही दिसतो.

‘सारखी औषधं घेतली की शरीराला सवय होते,’ असं म्हणतात. खरं तर निर्ढावतात ते जिवाणू, शरीर नव्हे. आणि असे जिवाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात, म्हणजे एकाने उगाच घेतलेल्या गोळ्यांची किंमत त्याच्या घरातलं तान्हं बाळही मोजू शकतं. अपुऱ्या डोसानेही जिवाणू असेच निर्ढावतात, हा धोका फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगितला होता.

कोर्स किती दिवसांचा, हेही आजारानुसार बदलतं: साध्या न्यूमोनियाला अनेकदा पाच दिवस पुरतात, क्षयरोगाला किमान काही महिने लागतात. म्हणून तो स्वतःहून तोडू नये, लांबवूही नये.

पाकिटावर लाल उभी रेघ दिसली, तर चिठ्ठीशिवाय ते औषध मागू नका. आणि डॉक्टरांनी आधी कल्चर, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी, करायला सांगितलं, तर पहिली गोळी घेण्यापूर्वीच नमुना द्या.