वाढीच्या संदेशाचा चालक आणि लगाम

त्वचेत, आतड्याच्या अस्तरात, श्वासमार्गाभोवती मास्ट पेशी ठाण मांडून असतात. अ‍ॅलर्जीतली खाज आणि सूज मुख्यतः त्यांनी सोडलेल्या हिस्टामिनमुळे येते. या पेशी जगतात ‘स्टेम सेल फॅक्टर’ या वाढघटकाच्या आधारावर. त्याचा संदेश कमी पडला तर त्या मरतात, थांबेनासा झाला तर बेसुमार वाढतात. हा तोल राखण्यात अडॅप्टर प्रथिनांचा, म्हणजे इतर प्रथिनांना एकत्र जोडणाऱ्या दुव्यांचा, मोठा वाटा असतो.

सुरुवात होते पेशीपटलात आरपार बसलेल्या ‘किट’ या ग्राहकापासून. वाढघटक बाहेरून चिकटला की दोन किट रेणू जवळ येतात आणि पेशीच्या आत एकमेकांच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतात. ही फॉस्फेटची खूण म्हणजे अडॅप्टरला बसायची जागा.

‘ग्रब-२’ हे अडॅप्टर स्वतः कोणतीही रासायनिक क्रिया घडवत नाही. त्याचा मधला एसएच-२ भाग ही खूण पकडतो, दोन्ही टोकांचे एसएच-३ भाग इतर प्रथिनांना धरतात. त्यांतलं एक ‘सॉस’. ते पटलापाशी पोचलं की तिथल्या ‘रॅस’ या प्रथिनाला चालू करतं आणि पुढची साखळी वाढीचा संदेश केंद्रकापर्यंत नेते. सॉस पेशीत आधीपासून होतंच. बदलली ती फक्त त्याची जागा.

ग्रब-२ आणखी एका अडॅप्टरला, ‘गॅब-२’ला, सोबत आणतं. त्यावर पीआय-३ कायनेज हे विकर बसतं आणि पेशीला तगून राहण्याचा संदेश मिळतो. गॅब-२ नसलेल्या उंदरांमध्ये अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया मंदावते, असं २००१ मध्ये दिसून आलं.

लगामही याच खुणांवर बसतो. ‘एलएनके’ या अडॅप्टरलाही एसएच-२ भाग असतो, पण ते किटला चिकटून संदेश क्षीण करतं. ते नसलेल्या उंदरांमध्ये बी पेशींच्या पूर्वज पेशी स्टेम सेल फॅक्टरला जास्त प्रतिसाद देतात आणि त्यांची संख्या वाढते. ‘सीबीएल’ हे प्रथिन तर किटवर युबिक्विटिन हे छोटं प्रथिन चढवतं. मग किट पेशीच्या आत ओढलं जातं आणि लायसोसोममध्ये त्याचे तुकडे होतात. म्हणजे ज्या फॉस्फेटमुळे संदेश सुरू होतो, त्याच फॉस्फेटमुळे तो आवरण्याची तयारीही होते.

हा तोल बिघडतो तो सिस्टेमिक मॅस्टोसायटोसिस या आजारात. त्याच्या बहुतेक प्रौढ रुग्णांमध्ये किटमधला ८१६ क्रमांकाचा अमिनो आम्लाचा घटक बदललेला असतो. असं किट वाढघटकाविनाच चालू राहतं आणि मास्ट पेशी साचत जातात. मिडोस्टॉरिन, अ‍ॅव्हाप्रिटिनिब ही औषधं म्हणूनच थेट किटची फॉस्फेट चढवण्याची क्रिया रोखतात: खूणच उमटली नाही, तर वाढीचा संदेश पुढे नेणाऱ्या अडॅप्टरना बसायला जागा उरत नाही.